शिराळ्याच्या नागमंडळांना खुलं पत्र: पाच दिवस कशाला, बारा महिने मागा की

शिराळ्यातल्या समस्त नागमंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि नाग धरणाऱ्या सगळ्या दादा-काकांना,

स.न.वि.वि.

सांगली जिल्ह्यातल्या आपल्या शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग धरायची जुनी परंपरा, ती बंद झाली आणि २०२५ ला तिला पाच दिवसांची परवानगी मिळाली, त्याबद्दल हे पत्र. मी तुमच्या तालुक्याची लेक. माहेर शिराळ्याच्या बाजूचं, सासर वाळवा तालुक्यात उसाच्या पट्ट्यात, आणि गावात आशाचं काम करते. पत्र बंद पाकिटात पाठवता आलं असतं पण मग ते कुणाच्यातरी ड्रॉवरमध्ये पडून राहिलं असतं, आणि मंडळाच्या मीटिंगला बायकांना बोलवायची पद्धत आपल्याकडं अजून नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

आधीच सांगते, मी तुमच्या विरोधातली नाही. आली बघा पर्यावरणवाली, असं म्हणून शिव्या टाईप करायला घेतल्या असतील तर जरा थांबा. पंचमीचा उपवास मी अजून धरते, भावासाठी. त्या दिवशी आमच्या घरात चिरणं नाही, तळणं नाही, चुलीवर तवा नाही, पुरणाची दिंडं उकडतात आणि रानात कुदळ लागत नाही. लहानपणी पंचमी म्हणजे शिराळा एवढंच माहिती होतं, अंबामातेच्या देवळाकडं नुसती माणसं, आणि दारात नाग आला की हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभ्या राहिलेल्या बायका. गोरखनाथ महाजनांच्या दारात भिक्षेला आले, घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला, आणि नाथांनी तो मातीचा नाग जिवंत केला, ही गोष्ट मला आजीनं सांगितलीय, तुम्हाला पण तुमच्या आजीनंच सांगितली असणार. (त्या गोष्टीत मधोमध एक बाई आहे, हे मंडळाच्या बॅनरवर मात्र कधी दिसत नाही, बॅनरवर नेते आणि वाढदिवसवाले भाऊ. असो.)

तर विषय २०२५ च्या परवानगीचा. हायकोर्टाच्या आदेशानंतर २०१४ च्या सुमाराला जिवंत नाग बंद झाले, पोलीस-वनखातं गल्लीबोळात उभं राहायला लागलं, तुम्ही मातीच्या नागाची आणि प्रतिमेची मिरवणूक काढत राहिलात, आणि दर निवडणुकीला प्रत्येक पक्षाचा माणूस येऊन सांगून गेला की आमचं सरकार आणा, तुमचा नाग परत देतो. मग २०२५ ला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं २१ नाग धरायची परवानगी दिली, २७ ते ३१ जुलै, वनखात्याच्या देखरेखीखाली, शिक्षण आणि पारंपरिक ज्ञान लोकांपर्यंत पोचवायचं म्हणून. मिरवणूक नाही, स्पर्धा नाही, करमणूक नाही. माहेरच्या ग्रुपवर त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता, जिंकलो जिंकलो.

मला तेव्हापासून एकच विचारायचंय, एवढंच मागितलंत?

म्हणजे बघा, इतकी वर्षं झगडलात, वकील लावले, वर्गणी काढली, दिल्लीपर्यंत माणसं गेली, आणि पदरात काय पडलं तर पाच दिवस आणि २१ नाग, ते पण वनरक्षक शेजारी उभा असताना. अहो तुमच्या हातात जे आहे ते त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे आणि तुम्ही त्याचा एक इव्हेंट करून ठेवलाय. नाग न दुखवता धरणं, बिळाच्या तोंडावरचा माग बघून आत कोण आहे ते ओळखणं, मडक्यात ठेवणं, जिथनं धरला तिथं नेऊन सोडणं, हे इथं बापानं पोराला शिकवलेलं आहे. दात पाडायची, तोंड शिवायची रीत शिराळ्यात नव्हती हे मी पण छातीठोक सांगते लोकांना. हे ज्ञान वर्षातनं पाच दिवस फोटोपुरतं बाहेर काढायचं आणि उरलेले दिवस परत कोर्ट-कचेरी, हा कुठला शहाणपणा.

आता माझ्या पट्ट्यातलं सांगते. आमच्याकडं साप मंडपात येत नाही, पाचटात असतो. भांगलायला बसलेली बाई, वैरण कापणारी म्हातारी, रात्रीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला आणि दारं धरायला एका बॅटरीवर गेलेला गडी, आणि हंगामात बीडकडनं आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या, त्या बिचाऱ्या कोपीत जमिनीवर झोपणार, अंथरुणात मण्यार शिरलेली कळणार पण नाही. मण्यारीचं असंच असतं, चावलेलं दुखत नाही, पहाटे पोटात कळ येते म्हणून माणूस उठतो, घरचे म्हणतात काहीतरी खाल्लं असेल, ओवा देतात, आणि तोपर्यंत पापण्या मिटायला लागलेल्या असतात. घोणशीचं उलटं, ती कुकरच्या शिट्टीसारखी वाजते, चावली की सूज दिसते, रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, नाही गोठलं तर समजायचं घोणस नाहीतर फुरसं, साधी टेस्ट आहे, मशीन नको काही नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर मिळून आपल्याकडं एकच लस येते, तिला आपण लस म्हणतो पण ते विषावरचं औषध. आणि चांदोलीच्या जंगलाच्या अंगाला हिरवा चापडा सापडतो, त्याच्यावर ते औषध बनवलेलंच नाही, हे पण माहिती असू द्या.

देशात सर्पदंशानं मरणाऱ्यांचा अंदाज काढलेला आहे, २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख माणसं, म्हणजे वर्षाला ५८ हजाराच्या घरात. जास्त करून खेड्यातली, आणि मरण जास्त पावसाळ्यात, म्हणजे आपली पंचमी असते त्याच दिवसांत. केंद्रानं मार्च २०२४ ला यावर राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मरणं निम्म्यावर आणायची म्हणून, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना कळवलं की सर्पदंशाची प्रत्येक केस सरकारी दप्तरी नोंदवायची सोय करा. कागद सगळे चांगले आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, त्यात साप चावून शेतकरी गेला तर घरच्यांना दोन लाख मिळतात, ते पण आहे. पण दोन लाख मेल्यावर.

आणि मरतात का, तर उशीर. आधी देवऋषी, मग मंत्र, मग दंडाला करकचून दोरी, मग ब्लेडनं चिरा, मग कुणीतरी कडुलिंबाचा पाला खायला देऊन विचारणार कडू लागतंय का, आणि मग गाडी शोधायची. मी घसा फोडून सांगते की हातपाय हलवू नका, जखम चिरू नका, घट्ट बांधू नका, सरळ दवाखाना, साप मारून पिशवीत घालून आणू नका कारण अर्धमेला साप डॉक्टरलाच चावायचा, लांबनं जमला तर फोटो काढा नाहीतर राहू दे. ऐकतात होय? आशाबाई काय, पोलिओचे डोस द्यायला येते ती. पण शिराळ्याचा नागवाला म्हणाला ना, की बाबा नागदेवाचा मान वेगळा आणि विष वेगळं, विषाला दवाखानाच, तर आमचा अख्खा पट्टा ऐकंल. तुमच्या शब्दाला पिढ्यानपिढ्यांचं वजन आहे. ते तुम्ही कधी वापरलंय का? परवानगीत शिक्षण म्हटलंय ना, मग या की आमच्या प्राथमिक शाळेत, हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या टोळ्यांच्या अड्ड्यावर.

पण माझं मुख्य म्हणणं हे पण नाही. मुख्य म्हणणं विषाबद्दल आहे.

ते औषध बनतं कसं, तर सापाचं विष काढायचं, थोडं थोडं घोड्याला टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्याच्यावरचा उतारा तयार होतो, तो वेगळा करून बाटलीत भरायचा. आपल्या राज्यात मुंबईची हाफकिन ही सरकारी संस्था पण बनवते. पण विष कुठनं येतं माहितीय? देशातल्या औषधाला लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतनं, चेन्नईच्या खाली महाबलीपुरमच्या वाटेवर इरुळा नावाच्या आदिवासींची सहकारी संस्था आहे तिथनं. या इरुळांची गोष्ट तुम्ही ऐकायलाच पाहिजे. साप धरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पूर्वी हे लोक कातड्यासाठी साप मारून व्यापाऱ्यांना विकायचे, मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७६ ला सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली, आणि चुली विझायची वेळ आली. त्यांनी मोर्चा काढला असता, आमची परंपरा म्हणाले असते, आणि खोटं नव्हतं ते, पण रोम्युलस व्हिटेकर नावाचा सापवेडा माणूस होता त्याच्या मदतीनं १९७८ ला त्यांनी सोसायटी काढली. सरकारी लायसन्स. साप धरायचा, तीन-चार आठवडे मडक्यात ठेवायचा (हो, मडक्यातच, तुमच्यासारखा), अधनंमधनं विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची म्हणजे तोच साप लगेच परत कुणी आणायला नको, आणि रानात सोडून द्यायचा. त्यातल्या दोघांना, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल, २०१७ ला अमेरिकेनं फ्लोरिडाच्या दलदलीत अजगर शोधायला बोलावून नेलं, आणि २०२३ ला दोघांना पद्मश्री मिळाली. साप धरणाऱ्या आदिवासी माणसांना, राष्ट्रपतींच्या हातनं.

आता याच्यात आपल्या कामाची गोम आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या भागातल्या सापांचं विष तपासलं, तर दिसलं की जात एकच असली तरी प्रांत बदलला की विष बदलतं, आणि एका भागातल्या विषावर बनवलेलं औषध दुसरीकडच्या सापाला कमी पडू शकतं. म्हणजे आमच्या उसातली घोणस चावलेल्या बाईला जे औषध देतात ते बहुतेक तिकडं तमिळनाडूतल्या घोणशीवर बनवलेलं. जीव वाचतात त्यानं, वाचतातच, दवाखान्यात जायलाच पाहिजे, यातनं कुणी उलटा अर्थ काढू नका. पण इथल्या सापाचं विष मिळालं तर इथल्यासाठी औषध सुधारता येईल की नाही?

आणि इथला साप इथल्या रानात कोण धरू शकतो, हे मी शिराळ्यालाच सांगायचं होय?

कायद्यात जागा आहे. ज्या १९७२ च्या कायद्याला तुम्ही इतकी वर्षं बोटं मोडताय त्याच कायद्याच्या १२ व्या कलमात शिक्षणासाठी परवानगी देता येते असं आहे, आणि त्याच कलमात जरा खाली सरळ लिहिलंय की जीव वाचवणारं औषध बनवायला सापाचं विष काढायचं, गोळा करायचं असेल तरी परवानगी देता येते. नाग आता पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला, २०२२ च्या दुरुस्तीनंतर घोणस आणि धामण पण तिथंच, त्यामुळं केंद्राची मंजुरी लागणार. पण ती वाट तुम्ही एकदा चालून आलाय की, ते खातं, ती टेबलं, सगळं तुमच्या ओळखीचं झालंय. मग शिराळ्यात विष संकलन केंद्र मागा. वनखातं, आरोग्य खातं, हाफकिनसारखी संस्था आणि तुमच्या पोरांची सोसायटी. सांगली जिल्ह्याला सहकार शिकवायची गरज आहे का, दुधाची काढली, साखरेची काढली, सूतगिरण्या काढल्या, विषाची नाही काढता यायची?

आता तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. पहिलं, नागदेवाचं विष काढायचं म्हणजे विटंबना. अहो, पंचमीला आम्ही बायका त्याला भाऊ म्हणतो, भावासाठी उपाशी राहतो, मग त्या भावानं बहिणीच्या लेकराचा जीव वाचवला तर त्यात विटंबना कुठली आली? विटंबना म्हणाल तर पूर्वी स्पर्धेत कुणाच्या नागाचा फडा किती उंच म्हणून तो पुन्हा पुन्हा डिवचला जायचा, वाजंत्री लावून ट्रॉलीवर फिरवला जायचा, ती होती. त्याला बाहेरचा कानच नाही, आवाज त्याला जास्त करून जमिनीच्या हादऱ्यातनं भिडतो, आता डीजेच्या ट्रॉलीवर त्याचं काय होत असेल विचार करा. आणि तेव्हा महिनाभर आधीपासनं रानं पिंजून काढायची पद्धत, ऐन पावसाळ्यात, जेव्हा उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यांतनं पिल्लं बाहेर पडत असतात. भक्ती होती हो त्यात, मी नाही म्हणत नाही, पण बक्षिसाची ढाल पण होती.

दुसरं, सगळे नियम हिंदूंच्याच सणाला का. या वादात मी पडणार नाही, कारण तो वाद जिंकून पण आमच्या गावातला साप चावलेला माणूस वाचत नाही. आणि एक आठवण करून देते. याच कायद्यानं गारुड्यांचा पण धंदा बंद केला, त्यातले पण कितीतरी हिंदूच होते, पिढ्यानपिढ्या टोपली घेऊन दारोदार फिरणारे. ते लोक सापाचे हाल करायचे, बंद झालं ते बरंच झालं, पण गारुड्याच्या पोटासाठी किती आमदार दिल्लीला गेले? त्याची पण परंपराच होती ना? तुमच्या मागं मतं आहेत आणि त्याच्या नावावर घर पण नव्हतं, एवढाच फरक मला तरी दिसतो. विष संकलन केंद्र झालंच तर त्या समाजातली चार पोरं पण घ्या त्यात, माझी ही अट समजा.

तिसरा प्रश्न प्राणीप्रेमी लोक विचारतील, की विष काढताना सापाला त्रास होत नाही का. होतो. धरला की ताण येतोच, डॉक्टर असला तरी येतोच. म्हणून संख्या ठरलेली पाहिजे, दिवस ठरलेले पाहिजेत, विणीच्या दिवसात सुट्टी पाहिजे, जनावराचा डॉक्टर पाहिजे. पण मुंबई-पुण्यातनं शिराळ्याला अडाणी म्हणून नावं ठेवणाऱ्यांना पण माझं सांगणं आहे, रात्री अकराला उसाला पाणी पाजायला एकदा या, मग सापावर बोलू. बंदी आली तेव्हा या पोरांच्या हातातल्या कौशल्याचं काय करायचं हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आता मोबाईल. बंदीनंतर नाग गल्लीतनं गेला आणि रीलमध्ये शिरला. गळ्यात नाग, तोंडाजवळ नाग, फड्यावर ओठ टेकवून व्हिडिओ, मागं डायलॉग. असले व्हिडिओ करताना पोरं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. ही पोरं स्वतःला सर्पमित्र म्हणवतात, आणि खरे सर्पमित्र, जे रात्री दोनला स्वतःच्या पेट्रोलवर येऊन साप काढतात आणि गुपचूप सोडून येतात, त्यांचं नाव खराब होतं. परवा आमच्या गावातल्या एका मावशीनं मला व्हिडिओ दाखवला, सोन्याचा नाग, पाच फडे, डोक्यावर मणी झगमगतोय, आणि खाली कमेंटमध्ये नुसते जोडलेले हात. म्हटलं मावशी हे एआयनं बनवलंय, कॉम्प्युटरनं. मावशी म्हणाली देव कशातनं पण दिसतो. याला काय उत्तर देणार सांगा! पण तुम्ही देऊ शकता. शिराळ्याच्या मंडळांनी एकदा जाहीर करावं की नाग हातात घेऊन रील करणारा आमच्या मंडळात नको, आणि त्याच मोबाईलवर पट्ट्यातल्या गावांसाठी एक नंबर चालू करावा, लांबनं काढलेला फोटो पाठवा, कुठला साप, विषारी का बिनविषारी, जवळचं औषध कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, लगेच उत्तर. आरोग्य खात्याशी जोडून घेतलं तर याला दिल्लीची परवानगी पण लागत नाही, आजपासनं होईल.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा-वारणाकाठी पाणी ओसरल्यावर घराघरात साप निघाले होते, कपाटात, भांड्यांच्या मांडणीवर, देव्हाऱ्याच्या मागं. माणसं भिऊन मारत होती, त्यांचं पण चुकलं असं कसं म्हणू, चिखलात अनवाणी उभी होती. त्या वेळी शिराळ्याच्या पोरांची पथकं वनखात्याची ओळखपत्रं घालून गावोगाव फिरली असती तर साप पण वाचले असते आणि तुमचं नाव कोर्टाच्या निकालापेक्षा जास्त ठिकाणी पोचलं असतं. पूर परत येणारच आहे, कोयना धरणाचे दरवाजे बहुतेक वर्षी उघडतातच.

पंचमी बंद करा असं कुठंच म्हणत नाही मी. अंबामातेची पालखी निघू दे, महाजनांच्या घरचा मान होऊ दे, बायकांनी मातीच्या नागाला पुजू दे, गोष्टीतली बाई मातीच्याच नागाला पुजत होती हे विसरू नका. जिवंत नागाचं दर्शन पाहिजे तर केंद्रात काचेच्या पलीकडनं घडवा की, शाळेच्या सहली आणा, तिथंच पोरांना सांगा की हा दूध पीत नाही, उंदीर खातो, आणि तो नसला तर उसातला उंदीर किती माजेल. गर्दी पण होईल, हॉटेलवाल्यांचा धंदा पण होईल, वर्षभर होईल.

पुढच्या मीटिंगला एवढा विषय घ्या: नगरपंचायतीचा ठराव, मंडळांच्या सह्या, इरुळांच्या सोसायटीकडं दोन माणसं पाठवून चौकशी, आणि मग नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडं विष संकलन केंद्राचा अर्ज, एक प्रत आरोग्य खात्याला, एक खासदारांना, शब्द दिला होता ना त्यांनी. आमच्या पट्ट्यातल्या आशा ताईंच्या सह्या मी गोळा करून देते. मसुदा लिहायला हात पाहिजे असला तर मी येते, फक्त रविवारी नको, त्या दिवशी आमची पाण्याची पाळी असते.

तुमची,
एक माहेरवाशीण, वाळवा तालुका